नवीन डाग नाहीत, मग पाय जड का?

"मागील तपासणीच्या तुलनेत नवीन डाग आढळले नाहीत. कॉन्ट्रास्ट घेणारा एकही डाग नाही." एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खाणारा आजार, तो असलेल्या माणसाला एमआरआयच्या रिपोर्टात ह्याच दोन ओळी वाचायच्या असतात. मला त्या सलग काही वर्षं मिळाल्या. दर वेळी डॉक्टर "उत्तम" म्हणायचे, घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा, आणि त्याच काळात माझा उजवा पाय जड होत चालला होता. आधी जिना चढताना, मग सपाट जमिनीवरही. चालून थोडा वेळ झाला की पाऊल पुढून लोंबायचं आणि चपलेचं टोक घासायचं. एमएसचा अटॅक म्हणावा असं काही झालं नव्हतं. एका रात्रीत काही बिघडलं नव्हतं. पण वर्षापूर्वी जे अंतर मी न थांबता चालायचे, त्यात आता मध्येच टेकायला जागा शोधावी लागत होती.

मी पेशानं हिशेबतपासनीस. दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील तर त्यातला निदान एक तरी अपुरा असतो, एवढं माझ्या कामानं मला शिकवलं आहे. माझा पाय खोटं बोलत नव्हता. म्हणजे अपुरा होता तो रिपोर्ट, किंवा रिपोर्टला विचारलेला प्रश्न.

निदान झालं तेव्हाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात वेगळं काही नाही. एक डोळा हलवला की दुखायचा, त्या डोळ्याला लाल रंग मळकट विटकरी दिसायचा. डोळ्याच्या डॉक्टरांनी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, त्यांनी मेंदूचा आणि मानेचा एमआरआय सांगितला. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना, म्हणजे व्हेंट्रिकल्सना लागून काटकोनात उभे राहिलेले लांबट पांढरे डाग होते. त्यांना 'डॉसन्स फिंगर्स' म्हणतात, जेम्स डॉसन ह्या विकृतिशास्त्रज्ञाच्या नावावरून. त्यानं 1916 मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ह्या आजाराचं बारकाईनं वर्णन केलं होतं. जिवंत माणसाचे डाग एमआरआयवर दिसायला 1981 उजाडलं. मग निदानाचे मॅक्डोनाल्ड निकष: आजार जागेतही पसरलेला हवा आणि काळातही. 2001 मध्ये आलेले हे निकष अनेकदा सुधारले गेले. 2017 च्या आवृत्तीत डागांच्या चार जागा होत्या, 2024 च्या आवृत्तीत डोळ्याची नस पाचवी म्हणून आली. माझी तर सुरुवातच त्या नसेपासून झाली होती. पाठीतलं पाणी काढलं, त्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे प्रतिपिंडांच्या पट्ट्या मिळाल्या, आणि औषध सुरू झालं.

औषध सुरू केल्यावर काही महिन्यांनी नवा 'बेसलाइन' स्कॅन घेतात. मला आधी हे पैसे खाणं वाटलं, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. औषधाचा परिणाम दिसायला वेळ लागतो. त्या आधीच्या आठवड्यांत उठलेला डाग औषधाच्या नावावर खपवला तर चांगलं औषध उगाच बदललं जाईल. म्हणून तीन ते सहा महिन्यांनी नवी सुरुवातीची रेघ आखायची आणि पुढचं सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं. त्यानंतर साधारण वर्षातून एकदा. नॅटालिझुमॅबसारख्या औषधावर असलेल्यांना, त्यातही जेसी विषाणूची चाचणी पॉझिटिव्ह असेल तर, पीएमएल नावाच्या गंभीर संसर्गाची चाहूल लागावी म्हणून दर तीन-चार महिन्यांनीही स्कॅन करतात. माझं औषध ते नव्हतं.

ह्या वर्षांमध्ये एक बदल मी पाहिला. सुरुवातीला दर स्कॅनला हातात सुई आणि गॅडोलिनियम ह्या धातूच्या कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन ठरलेलं. नव्या डागाच्या जागी मेंदू आणि रक्तातला अडसर फाटलेला असतो, तिथून गॅडोलिनियम आत झिरपतं आणि डाग चमकतो. ही चमक साधारण दोन ते सहा आठवडे टिकते, म्हणजे "हा डाग ताजा आहे" एवढंच ती सांगते. पुढे लक्षात आलं की गॅडोलिनियमचा सूक्ष्म अंश वारंवार इंजेक्शन घेणाऱ्यांच्या मेंदूत राहतो. त्यानं एमएसच्या पेशंटना काही अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी 2017 मध्ये युरोपातल्या औषध-नियामकांनी त्यातले 'लिनिअर' प्रकार मेंदूच्या स्कॅनसाठी थांबवले. 'मॅक्रोसायक्लिक' प्रकार राहिले, कारण त्यांच्यातला धातू घट्ट धरलेला असतो. आणि 2021 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी सरळच सांगितलं की नेहमीच्या देखरेखीला आधीचा स्कॅन तुलनेला असेल तर कॉन्ट्रास्ट बहुतेकदा लागत नाही. माझी सुई सुटली. ज्यांना अजून दर वेळी टोचतात त्यांनी डॉक्टरांना कारण विचारायला हरकत नाही; कधी कारण असतं, कधी नुसती सवय.

तर पायाचं. मी न्यूरॉलॉजिस्टसमोर चालून दाखवलं. त्यांनी 25 फुटांचं अंतर घड्याळ लावून चालायला लावलं, जुन्या नोंदीशी ताडलं, आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. वेळ वाढलाय."

मी विचारलं, "मग एमआरआय चांगला कसा?"

"एमआरआय चांगला आहे, कारण आपण त्याला एकच गोष्ट विचारतोय. नवीन डाग आहे का? तो नाही म्हणतोय, आणि ते खरं आहे."

मग त्यांनी फ्लेअरचं चित्र उघडलं. फ्लेअर हा एमएसमधला सगळ्यात कामाचा सिक्वेन्स, म्हणजे एमआरआयची चित्र काढायची एक पद्धत. मेंदूभोवतीचं आणि पोकळ्यांमधलं पाणी त्यात काळं केलेलं असतं, म्हणून त्यांच्या काठचे डाग उठून दिसतात. पण पांढरा डाग म्हणजे तिथल्या ऊतीत पाण्याचं प्रमाण किंवा त्याची स्थिती बदललेली आहे, एवढंच. तिथे नुसती सूज असेल, तंतूवरचं मायलिनचं आवरण गेलेलं असेल, आवरण अर्धवट भरून आलेलं असेल, किंवा आतला तंतूच तुटलेला असेल; फ्लेअरवर चारही पांढरेच. दोन पेशंटांच्या मेंदूत डाग सारखेच, एक जण पळतोय आणि दुसरा काठी घेऊन चालतोय, हे न्यूरॉलॉजीत इतकं नेहमीचं आहे की त्याला 'क्लिनिको-रेडिऑलॉजिकल पॅराडॉक्स' असं नाव पडलं आहे. शिवाय डाग नसलेला, चित्रात धडधाकट दिसणारा पांढरा भागही एमएसमध्ये पूर्ण धडधाकट नसतो. आणि मेंदूच्या वरच्या करड्या थरातले डाग तर नेहमीच्या स्कॅनला बहुतांश दिसतच नाहीत.

त्यांच्या ओळखीच्या एका संशोधन गटाचा अभ्यास चालू होता: अटॅक न येता ज्यांचं चालणं मंदावतंय अशा पेशंटांचे नेहमीपेक्षा खोलवरचे एमआरआय. त्यांनी चिठ्ठी दिली. जाताना हेही सांगितलं की ह्यातून औषध मिळेल अशी आशा ठेवू नका, माहिती मिळेल. मला माहितीच हवी होती.

संमतिपत्र लांबलचक होतं आणि मी ते शेवटपर्यंत वाचलं. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, टॅटू, कानातलं यंत्र, सगळं विचारतात. एक सूचना मला चमत्कारिक वाटली: आदल्या दिवसापासून नेहमीइतकं पाणी प्या, उपाशी-तहानलेले येऊ नका, आणि शक्यतो मागच्या स्कॅनच्याच वेळेला या. मला वाटलं, बेशुद्ध पडू नये म्हणून. तसं नव्हतं. शरीरात पाणी कमी असलं तर मेंदूचं आकारमान मोजण्याइतपत कमी भरतं. ज्यांना वर्षाला टक्क्याच्या अंशांनी होणारी घट मोजायची आहे त्यांना पेशंटची तहानही मोजमाप बिघडवते.

यंत्र 3 टेस्लाचं होतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे 60 हजार पट. ह्या चुंबकात आपल्या शरीरातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रकं सेकंदाला जवळपास 12.8 कोटी वेळा गिरक्या घेतात, आणि त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडून त्यांना ढकलायचं, मग ती परत मूळ स्थितीला येताना काय सांगतात ते ऐकायचं, असा हा सगळा खेळ. टेक्निशियननं कानात बोळे घातले, वर हेडफोन, डोक्याभोवती कॉइलचा पिंजरा, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना फोम, आणि हातात दाबायचा फुगा. "ताई, एक तासाच्या वर लागेल. गिळायचं असेल तर दोन आवाजांच्या मधल्या शांततेत गिळा."

वर्षानुवर्षं स्कॅन काढणाऱ्याला आवाज ओळखीचे होतात. फ्लेअरचा आवाज मला सवयीचा होता. त्या दिवशीचे बाकीचे नव्हते. डिफ्युजन सुरू झालं तेव्हा तर टेबलच थरथरायला लागलं, दात एकमेकांवर आपटतील असं. यंत्रातल्या ग्रेडियंट कॉइलमधला विद्युतप्रवाह मिलिसेकंदांत उलटसुलट होतो, तो प्रवाह प्रचंड चुंबकात असल्यामुळे कॉइलवर धक्के बसतात, आणि तो धक्का म्हणजेच आवाज. डिफ्युजनमध्ये हे ग्रेडियंट जोरात आणि वारंवार वापरावे लागतात. कारण मोजायचं असतं पाण्याच्या रेणूंचं भटकणं. काड्यांच्या मोळीवर पाणी ओतलं तर ते काड्यांच्या बाजूनं पळतं, आडवं जायला अडतं; मेंदूतले तंतूही तसेच जुडीनं जातात आणि त्यांच्यातलं पाणी लांबीच्या दिशेनं जास्त मोकळं फिरतं. हे कितीतरी दिशांनी पुन्हा पुन्हा मोजतात, त्यावरून 0 ते 1 मधला एक आकडा काढतात, फ्रॅक्शनल अनायसोट्रॉपी. 1 च्या जवळ म्हणजे पाणी एकाच दिशेला बांधलेलं, 0 म्हणजे कुठेही मोकाट. तंतू विरळ झाले, आवरण गेलं, की आकडा उतरतो.

नंतरचा भाग आवाजाला सौम्य आणि अंगाला जड. मॅग्नेटायझेशन ट्रान्स्फर. मायलिनमधल्या मोठ्या रेणूंना चिकटलेले प्रोटॉन नेहमीच्या चित्रात दिसत नाहीत, त्यांचा संदेश पोहोचण्याआधीच विरतो. म्हणून मोकळ्या पाण्याच्या वारंवारतेपासून थोडी दूरची रेडिओलहर सोडून फक्त त्या चिकटलेल्यांना चाळवतात. ते आपली अवस्था शेजारच्या मोकळ्या पाण्याला देतात आणि पाण्याचा संदेश उतरतो. किती उतरला, त्यावरून तिथे मायलिन किती असावं ह्याचा अंदाज. पण ह्यात रेडिओलहरींची ऊर्जा जास्त जाते आणि अंग तापतं. परवानगीच्या मर्यादेतच, पण एमएसवाल्याला ती मर्यादा वेगळी जाणवते. मायलिन गेलेल्या तंतूतून विजेचा संदेश आधीच जेमतेम जातो, शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी तो अडखळतो. उथॉफ ह्या डॉक्टरच्या नावानं हे ओळखतात. माझ्या उजव्या पायात मुंग्या सुरू झाल्या आणि जुन्या डोळ्यासमोर धुकं आलं. फुगा दाबला. टेक्निशियननं स्कॅन थांबवून पांघरूण काढलं, आतला पंखा वाढवला. दहाएक मिनिटांत धुकं गेलं. पुढच्या वेळी पांघरूण नको असं मी आता आधीच सांगते.

मग मायलिनमधल्या पाण्याचा सिक्वेन्स. मायलिनच्या पापुद्र्यांमध्ये अडकलेल्या पाण्याचा संदेश 40 मिलिसेकंदांच्या आतच विझतो, बाकीच्या पाण्याचा त्याहून हळू. दोन्ही वेगळे काढले की मायलिनचा वाटा कळतो. कल्पना मला सगळ्यात आवडली ती हीच. स्पेक्ट्रोस्कोपीबद्दल सांगण्यासारखं फार नाही: चित्राऐवजी रसायनांचा आलेख येतो, त्यात चेतापेशींमधल्या एनएए ह्या रसायनाचं शिखर किती उंच हे पाहतात. मोजायच्या जागेचा ठोकळा एवढा मोठा घ्यावा लागतो की एखाद्या छोट्या डागाविषयी बोलणं अवघड होतं.

सगळ्यात शेवटी आला तो सिक्वेन्स, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले: ससेप्टिबिलिटी, म्हणजे लोह आणि रक्त ज्याला दिसतं तो.

काही आठवड्यांनी संशोधन गटातल्या रेडिऑलॉजिस्टनी मला बोलावलं. अशा अभ्यासात बहुतेकदा पेशंटला काहीच दाखवत नाहीत, त्यामुळे मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी आधी एक डाग मोठा करून दाखवला. पांढऱ्या डागाच्या बरोबर मधून बारीक काळी रेघ. "ही शीर. एमएसचा डाग छोट्या शिरेभोवती उठतो, म्हणून ती मधोमध सापडते. रक्तदाबामुळे, वयामुळे, मायग्रेनवाल्यांच्या मेंदूत जे पांढरे ठिपके येतात, त्यांच्यात सहसा ती नसते." ह्याला सेंट्रल व्हेन साइन म्हणतात. एकूण डागांपैकी 40 टक्क्यांहून अधिक डागांत शीर असेल तर एमएसची शक्यता बळावते असा एक नियम आहे; सगळे मोजायचा कंटाळा असलेल्यांसाठी सोपा नियम म्हणजे असे सहा डाग सापडले की पुरे. 2024 च्या निकषांत ह्या खुणेला अधिकृत जागा मिळाली. निव्वळ ठिपके पाहून एमएसचा शिक्का बसलेले आणि नंतर तो चुकीचा निघालेले लोक मला माहीत आहेत. वर्षानुवर्षं नको ती इंजेक्शनं घेतलेली. माझ्या मते ह्या सगळ्या नव्या तंत्रांमधलं आज लगेच हाताशी येणारं आणि सर्वात मोलाचं हेच.

पुढचं चित्र माझं उत्तर होतं, किंवा उत्तराचा बराचसा भाग. तीन-चार डाग असे होते की त्यांच्या कडेनं काळी वर्तुळाकार रेघ. मधला भाग साधा, कड काळी.

"ही रिम. कडेला मायक्रोग्लिया नावाच्या पेशी जमल्यात, त्यांच्या पोटात लोह आहे, म्हणून काळं दिसतं. डाग जुना आहे, कॉन्ट्रास्ट घेत नाही, रिपोर्टच्या भाषेत निष्क्रिय. पण कडेला काम चालूच आहे."

"काम म्हणजे?"

"नुकसान. फार सावकाश. डाग बाहेरच्या बाजूनं वाढतो, वर्षाला मिलिमीटरच्याही अंशानं. नवीन नाही म्हणून रिपोर्टात येत नाही."

ह्यांना धुमसते डाग म्हणतात. असे चार किंवा त्याहून जास्त डाग असलेल्यांना अपंगत्व तुलनेनं लवकर येतं असं अभ्यासांत दिसलं आहे. मी विचारलं, माझे तीन की चार? ते म्हणाले, तीन नक्की, चौथ्याबद्दल आमच्यात एकमत नाही. एका बाजूची कड दिसते, दुसऱ्या बाजूला शीर आहे की रिम हे ठरत नाही. मला हे उत्तर फार आवडलं. ज्या मोजमापात दोन तज्ज्ञ भांडू शकतात ते मोजमाप प्रामाणिक असण्याची शक्यता जास्त.

बाकीच्या आकड्यांबद्दल मात्र माझा उत्साह तिथेच थोडा उतरला. माझी अनायसोट्रॉपी निरोगी लोकांच्या सरासरीपेक्षा कमी होती, मॅग्नेटायझेशन ट्रान्स्फरही, डाग नसलेल्या भागातसुद्धा. पण सरासरी. निरोगी माणसांमध्येच एवढा फरक असतो की त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला धडधाकट माणसंही सापडतात. शिवाय आकडा उतरतो तो मायलिन गेल्यामुळेच असं नाही. सूज आली, पाणी वाढलं, तंतू एकमेकांना आडवे जात असले तरी उतरतो. यंत्र बदललं, कंपनी बदलली, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की पुन्हा वेगळा. गटांची तुलना करायला, औषधाच्या चाचणीत एका गटाचं मायलिन दुसऱ्यापेक्षा भरून आलं का हे बघायला ही साधनं उत्तम आहेत. माझ्यासारख्या एकटीला "तुझं मायलिन इतके टक्के उरलंय" असं सांगायला अजून नाहीत. इंटरनेटवर कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर मी देणार नाही.

मेंदूच्या आकसण्याचंही तसंच. निरोगी प्रौढाचा मेंदू वर्षाला साधारण 0.1 ते 0.3 टक्के घटतो, एमएसमध्ये 0.5 ते 1 टक्क्याच्या आसपास. माझी घट 0.4 आली. पण मोजण्यातली चूकच 0.2 टक्क्यांच्या घरात असते. ह्या एका आकड्यावर मी कुठल्याही ताळेबंदाखाली सही केली नसती. आणि जोरदार औषध सुरू केल्यावर पहिल्या वर्षी सूज ओसरल्यामुळे मेंदू लहान झालेला दिसतो, तंतू गेलेले नसतानाही. ही खोटी घट. म्हणून पहिलं वर्ष सोडून, पुढची अनेक वर्षं, एकाच यंत्रावर. तेव्हा कुठे त्या आकड्याला बोलू द्यायचं.

करड्या थरातल्या डागांसाठी डबल इन्व्हर्जन नावाचा सिक्वेन्स त्यांनी घेतला होता. पाणी आणि पांढरा भाग दोन्ही विझवून फक्त करडा थर उजळ ठेवतात. त्यात दोन संशयास्पद जागा दिसल्या. 7 टेस्लाच्या यंत्रावर अशा जागा कितीतरी जास्त सापडतात, पण तसली यंत्रं मोजक्या संशोधन केंद्रांत असतात.

पण पाय? मेंदूतल्या रिमवाल्या डागांनी पाय समजतो का? हा प्रश्न मी तिथेच विचारला. पूर्ण नाही, असं उत्तर आलं. चालण्याचा मुख्य हिशेब मज्जारज्जूत आहे. करंगळीएवढ्या जाडीच्या त्या दोरीत मेंदूतून पायाकडे जाणारे सगळे तंतू दाटीवाटीनं बसलेले. मेंदूत जो डाग कुणाला कळणारही नाही, तेवढाच डाग तिथे पाय ओढायला लावतो. आणि नेमकं तिथलंच चित्र काढणं अवघड. छातीत श्वास, शेजारी हृदय, भोवती नाडीबरोबर उसळणारं पाणी, घशात गिळणं. माझ्या मानेच्या स्कॅनचा एक भाग गिळण्यामुळे वाया गेला आणि पुन्हा घ्यावा लागला. मानेच्या वरच्या भागात, सी2-सी3 मणक्यांच्या पातळीला, रज्जूचा आडवा छेद किती चौरस मिलिमीटरचा आहे हे मोजतात; तिथली घट चालण्याशी मेंदूच्या डागांपेक्षा जास्त जुळते. माझा छेद माझ्या वयाच्या मानानं बारीक होता. उजव्या पायाचे तंतू जिथून जातात त्या बाजूला एक जुना डाग होता, जो माझ्या प्रत्येक रिपोर्टात "जैसे थे" असा नोंदला गेला आहे.

ही सगळी माहिती घेऊन मी माझ्या न्यूरॉलॉजिस्टकडे परतले. आजची बहुतेक औषधं रक्तातून मेंदूत शिरणाऱ्या पेशींना रोखतात. म्हणूनच नवीन डाग येत नव्हते, आणि ते श्रेय त्यांचंच. पण अडसराच्या आत, कडेला बसलेल्या मायक्रोग्लियापर्यंत त्यांचा हात फारसा पोहोचत नाही. त्या पेशींवर काम करतील अशा आशेनं बीटीके ह्या एन्झाइमला रोखणाऱ्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. माझ्यासाठी त्या दिवशी ठरलं ते एवढंच: औषध थांबवायचं नाही, कारण "नवीन डाग नाहीत" ही कमाई आहे, पण फाइलमध्ये आजाराचं वर्णन बदलायचं, अटॅकविना वाढणारा असं लिहायचं. फिजिओथेरपी आठवड्याला ठरली, आणि पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट मिळाला. स्प्लिंटनं चपला झिजणं थांबवलं. कुठल्याही सिक्वेन्सपेक्षा त्याचा उपयोग मला जास्त झाला हे लिहिलंच पाहिजे. तरीही, ते वर्णन बदललं नसतं तर "एमआरआय तर चांगला आहे" ह्या वाक्यापुढे स्प्लिंटचा विषय निघालाच नसता.

एक गोष्ट मागाहून कळली. घरी जुन्या स्कॅनच्या डिस्क मी जपून ठेवल्या होत्या. त्या संशोधन गटाला नेऊन दिल्या, तुलनेसाठी. काही वर्षांपूर्वीच्या एका नेहमीच्या स्कॅनमध्ये ससेप्टिबिलिटीचा सिक्वेन्स घेतलेला होता. तो रक्तस्राव बघण्यासाठी सर्रास घेतात. त्यातली 'फेज' नावाची चित्रं, ज्यांच्यात रिम सर्वांत स्पष्ट दिसते, ती यंत्र तयार करतं पण बऱ्याच ठिकाणी जतन न करता टाकून देतात, कारण नेहमीच्या रिपोर्टाला ती लागत नाहीत. त्या एका वेळी योगायोगानं ती डिस्कवर आली होती. तीन नक्की रिमांपैकी दोन त्यात होत्या. त्याच जागी, किंचित लहान. त्यांच्यावर रिपोर्टात एक शब्द नव्हता आणि असायचं कारणही नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. वादातला चौथा डागही त्या जुन्या चित्रात सापडला, आणि तिथे ती शीर निघाली.

आता माझ्या दर वर्षीच्या चिठ्ठीवर डॉक्टर नेहमीच्या मजकुराखाली आणखी दोन ओळी लिहितात: मागील यंत्रावरच करावे, फेज चित्रे जतन करून डिस्कवर द्यावीत. दुसऱ्या ओळीवर टेक्निशियन हमखास विचारतात, "ताई, हे कशाला?" मी सांगते. एकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सेटिंगमध्ये एकच खूण करायची आहे, करून ठेवतो, पुढच्या पेशंटनाही मिळतील.